बारावा चौकोन

आमचे घरमालक, टंकलेखन शिकवणारे मास्तर, बुधवारी वारले. त्या दिवशी कागद निघाला नाही.

हा कागद काय होता, हे त्या घराबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणते, सकाळी सात वाजता स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसत आणि मास्तर त्यांच्या हातात एक छापलेला कागद देत. कागदावर तीन-तीनच्या चार रांगांत चेहरे असत आणि प्रत्येक चेहऱ्याखाली शाईने लिहिलेलं नाव असे. काकूंना माणसं ओळखू येईनाशी झाली होती, त्याला तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. दारात कुणी आलं की त्या आधी त्याच्याकडे बघत, मग कागदाकडे बघत, आणि मग म्हणत, "या."

बुधवारी अंगणात माणसं जमली. काकू खुर्चीवर बसून होत्या. मी शेजारी उभी होते. त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"बाई, एवढी माणसं काहून आली? आन् माजा कागद?"

मी म्हटलं, "आणते." आणि आणला नाही. तो कसा काढायचा हे मला ऐकून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं.

*

मी वसमतला आले ती कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नोकरीसाठी. राहायला खोली शोधत होते. तीन घरांत खोली दाखवण्याआधी आडनाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं सांगितलं. चौथ्या घरी मास्तरांनी विचारलं, "टायपिंग येतं?"

"इंग्रजी चाळीस, मराठी तीस," मी म्हटलं.

"बोटाकडं बघून का न बघता?"

"न बघता."

"मग राहा. जिन्याची तिसरी पायरी हालते, तेवढं बघा."

आडनाव त्यांनी पुढच्या सात वर्षांत विचारलं नाही. त्यांना ते माहीत नसेल असं नाही. माझं टपाल त्यांच्याच हातून वर येई.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांची टंकलेखनाची संस्था होती. पूर्वी तिथे चौदा यंत्रं खडखडत असत, असं काकू सांगत. सरकारने परीक्षा संगणकावर नेली तेव्हा मास्तरांनी यंत्रं काढली आणि संगणक आणले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते पुस्तकं मागवून संगणक शिकले. मात्र संगणकात त्यांनी आपल्यासाठी जो भाग निवडला तो असा, की ज्यात काही दिसतच नाही. काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी एक रेघ. आपण शब्द टाइप करायचे आणि शेवटी एंटर दाबायचं, की यंत्र ते काम करतं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. संगणकांबरोबर आलेले माऊस त्यांनी एका पिशवीत घालून, पिशवीला सुतळी बांधून, टेबलाच्या खालच्या खणात ठेवले होते.

एखाद्या नव्या विद्यार्थिनीने विचारलंच, "सर, माऊस?" तर ते म्हणत, "हात उचलला का वाक्य तुटलं. पुढं चला."

एकदा मीही विचारलं होतं, की ज्या कामाला एक टिचकी पुरते त्याला एवढी मोठी ओळ कशाला लिहायची. त्यांनी मान वर केली नाही.

"बाजारात बोट दाखवून भाजी घेते ते परगावचं मानूस. भाषा येत न्हाई म्हनून. आपल्याला येते ना? मग बोलावं."

त्यांची बोलण्याची रीतही त्या खिडकीसारखीच झाली होती. पाहुणा आला की, "या. बसा. पानी घ्या. बोला." प्रत्येक शब्दानंतर ते थांबत, जणू एंटर दाबत.

*

त्या काळ्या खिडकीतून ते सगळ्यात जास्त एकच काम करत. अनेक फोटो जोडून त्यांचा एक फोटो करणं. गावात त्याची गरज असे. फॉर्म भरताना आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच चित्रात लागतात, फोटो आणि सही एकाखाली एक लागते, जुन्या मोठ्या रजिस्टरचं पान स्कॅनरच्या काचेवर मावत नाही म्हणून चार तुकड्यांत घ्यावं लागतं. लोक मोबाइल घेऊन येत. मास्तर फोटो संगणकावर घेत आणि ओळ लिहीत. लिहिताना ती मराठीत मोठ्याने म्हणत. कानावर पडून पडून ती मला पाठ झाली होती.

"जोड. कोन कोन? हे सगळे. किती बाय किती? तीन बाय चार. मधी किती सोडायचं? चार टिंबं. नाव काय ठेवायचं? कागद."

शेवटच्या नावावर त्यांचा फार जोर होता. "ते इसरायचं न्हाई. ओळीत जे नाव शेवटी, त्याच्यावर हे नवं चित्र लिहून टाकतं. आदी तितं काय होतं, ते बघत न्हाई. विचारत पन न्हाई."

"विचारायला नको का?" मी म्हटलं.

"यंत्रानं काहून विचारावं? विचार करायचा तो एंटरच्या आदी."

मधली चार टिंबं, म्हणजे पडद्यावरचे चार बारीक ठिपके, हाही त्यांचा नियम होता. जोडलेल्या दोन फोटोंमध्ये पांढरी रेघ दिसली पाहिजे. एकदा सेनगावकडचा एक शेतकरी मुलीच्या लग्नातला फोटो घेऊन आला. शेजारी ठेवायला त्याने आपल्या वारलेल्या वडिलांचा फोटो आणला होता, पण त्याला ते शेजारी नको होते. मांडवात, नवरीच्या मागे उभे हवे होते.

"बाजूला ठेवतो. आत घालत न्हाई," मास्तर म्हणाले.

"काहून? परभनीत घालून देतेत."

"देत असतील. ते लग्नात नव्हते."

"नातीच्या लग्नात आजा असावा म्हनून तर आलो ना मास्तर."

"मग बाजूला असूद्या. बाजूचं मानूस बी मानूसच असतं."

तो रागाने उठून गेला. महिन्याभराने त्याच रस्त्याने जाताना थांबला आणि बाहेरून करून आणलेला फोटो त्याने मास्तरांना मुद्दाम दाखवला. नवरीच्या मागे फेट्यातले म्हातारे उभे होते. मास्तरांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"आजोबाची सावली दुसऱ्या बाजूला पडली," ते म्हणाले. "त्यांना येगळा सूर्य होता का?"

तो माणूस हसला, आणि चहा पिऊन गेला.

*

काकूंचा विसराळूपणा पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला नाही, कारण त्या प्रश्न विचारत आणि प्रश्न कुणीही विचारतं. "जेवलात का?" असं त्या मास्तरांना विचारत. ते म्हणत, "जेवलो. भाकरी, वरन, ठेचा." पाच मिनिटांनी त्या पुन्हा विचारत. ते पुन्हा म्हणत, "जेवलो. भाकरी, वरन, ठेचा." त्याच शब्दांत, त्याच सुरात, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. एका दुपारी मी मोजलं नाही, पण ते वीसपेक्षा कमी नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते हे त्यांना कळलं. त्यांनी टेबलावर नुसतं बोट टेकवलं.

"वरचा बान," ते म्हणाले.

त्या खिडकीत वरचा बाण दाबला की आधी लिहिलेली ओळ जशीच्या तशी परत येते. पुन्हा लिहावी लागत नाही. पण कामासाठी मात्र ते तो बाण कधी वापरत नसत. रोजची ओळ रोज नव्याने टाइप करत. जुनी ओळ ओढून आणली की आत काय लिहिलंय ते माणूस वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वरचा बाण फक्त काकूंसाठी होता.

मग काकू माणसं विसरू लागल्या आणि कागद सुरू झाला. घरात ज्यांची ये-जा असे त्यांचे चेहरे जोडायचे आणि खाली नाव; काकूंच्या हातात कागद दिवसभरात चुरगळे, म्हणून रोज नवा. नावं त्यांना यंत्राकडूनच छापून हवी होती. पण त्या खिडकीतून मराठी अक्षरं नीट उमटेनात, वेलांट्या सुट्या पडत. दोन दिवस खटपट करून त्यांनी प्रत्येक चेहऱ्याखाली पांढरी पट्टी सोडली आणि नावं हाताने लिहिली. काकू ज्याला जे म्हणत तेच नाव. 'दूध'. 'भाकरीवाल्या मावशी'. 'धाकटी'. माझ्या खाली 'वरच्या बाई'.

धाकटी म्हणजे काकूंची धाकटी बहीण. औंढ्याला राहायची. आठ-पंधरा दिवसांनी एसटीने यायची आणि आल्या आल्या मास्तरांना चिडवायची. त्यांच्यावर मोठ्याने बोलायची मुभा त्या घरात तिला एकटीलाच होती.

कागदावर नऊ माणसं होती तोवर सगळं सुरळीत चाललं. फोटोंना मास्तरांनी एक, दोन, तीन अशी आकड्यांची नावं दिली होती. दहावी आली ती सुई द्यायला येणारी सिस्टर. तिच्या फोटोला त्यांनी दहा नाव दिलं. पण संगणक आकडा आकड्यासारखा वाचत नाही, अक्षरांसारखा वाचतो. एकानंतर त्याने एकाने सुरू होणारा दहा घेतला, मग दोन. सिस्टर दुसऱ्या जागेवर बसल्या आणि दोनपासूनचे सगळे एकेक घर पुढे सरकले. मास्तरांनी नावं मात्र नेहमीच्या क्रमाने लिहिली. चेहऱ्यांकडे न बघता. आयुष्यभर मुलांना न बघता लिहायला शिकवलेला माणूस, दुसरं काय करणार.

त्या दिवशी धाकटी आली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज दूध एवढं उशिरा काहून आनलंस?"

"अगं ताई, मी धाकटी!"

काकूंनी कागद पुढे केला. "हितं तर दूध लिवलंय."

"दाजी!" धाकटी पुढच्या खोलीत शिरली. मुलं टाइप करायची थांबली. "मला गवळी केलाव का म्हैस, तेवढं सांगा. म्हैस असंल तर पेंड ठिवा दारात."

मास्तर उठून आत आले. कागद हातात घेऊन एकेक चेहरा पाहिला. त्यांना हसू आलं नाही.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "म्या बघितलं न्हाई."

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक तर आकड्याच्या आधी शून्य लावायचं: शून्य एक, शून्य दोन. म्हणजे दहा जागच्या जागी राहतो. दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही. सख्खी बहीण समोर उभी असतानाही काकूंनी कागद खरा मानला होता. तेव्हापासून मास्तर नाव लिहिण्याआधी प्रत्येक चेहऱ्याकडे बघत. कधी कधी फार वेळ बघत.

*

पुढे अकरा माणसं झाली. तीन बाय चारच्या कागदावर बारावी जागा, खालच्या ओळीत उजवीकडची, कोरी राही. ती भरायला कुणी नव्हतं. मास्तरांनी स्वतःचा फोटो कधी लावला नाही. घरच्या माणसाला चेहरा कशाला, असं त्यांना वाटत असावं. मलाही तसंच वाटत होतं.

एका दुपारी मी काकूंजवळ बसले होते. पुढच्या खोलीतून मास्तरांचा मजकूर सांगण्याचा आवाज येत होता. काकू माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "बाई, ते समोरच्या खोलीतले कोन हायत? दिवसभर हितंच असतेत. कागदावर तर न्हाईत."

आवाज थांबला होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. काकूंनी त्यांना पाहिलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"ठिवा तितं," त्या खाली बघत म्हणाल्या.

त्यांनी तांब्या ठेवला आणि परत गेले. मजकूर पुढे सुरू झाला. ज्या शब्दावर थांबला होता त्याच शब्दापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेच्या फॉर्मसाठी संगणकाला लावलेल्या कॅमेऱ्यासमोर ते बसले आणि मला कळ दाबायला सांगितली. निळा, बारीक चौकटीचा शर्ट घातला होता. त्या फोटोला त्यांनी बारा नाव दिलं. ओळ लिहिली, मोठ्याने म्हणत. कागद निघाल्यावर अकरा नावं लिहिली. बाराव्या पट्टीवर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. खोली देतानाचं सोडलं, तर त्यांनी मला काही विचारल्याचं मला आठवतं ते एवढंच.

"तुमचं नाव."

"ते तिनं कदी घेतलंच न्हाई. चाळीस वर्सं नुसतं अहो. नाव लिवलं तर तिला वाटंल, कोनी परका हाय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

काकूंनी त्या सकाळी बाराव्या चौकोनाकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या माणसाकडे, मग पुन्हा चौकोनाकडे. "व्हय," त्या म्हणाल्या. "हितलेच हायत." पदर खांद्यावर आला.

"बराबर," मास्तर म्हणाले आणि वर्गात गेले.

फोटोशी जुळावं म्हणून त्यांनी त्याच कापडाचे आणखी तीन शर्ट शिवून घेतले आणि त्यानंतर दुसरा शर्ट घातला नाही. धाकटी म्हणाली, "चाळीस वर्सं संसार केलाव दाजी, आन् आता घरातल्या घरात पास काढून फिरू लागलाव!" त्यावर ते हसले. तेवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पण पास होता तो. काकूंनी कागद खाली ठेवलेला असला आणि मास्तर समोर आले, की त्या आधी कागद शोधत. कागदाशिवाय एकदा तरी आपल्याला ओळखावं, एवढंच मास्तरांना हवं होतं. रोज सकाळी कागद देण्याआधी ते तो पाठीमागे धरून काकूंपुढे क्षणभर उभे राहत. मग पुढे करत.

*

बुधवारनंतर धाकटी घरातच राहिली. शनिवारी सकाळी मी पुढच्या खोलीत संगणकापुढे बसले. काकूंनी तीन दिवस कुणाला ओळखलं नव्हतं आणि धाकटीने भरवलेला घासही त्या तोंड फिरवून नाकारत होत्या. वरचा बाण दाबला असता तर मास्तरांची शेवटची ओळ तिथे आलीच असती. मी दाबला नाही. त्यांच्या नियमाने नव्याने टाइप करायचं ठरवलं. जोड. हे सगळे. तीन बाय चार. मध्ये चार टिंबं. एंटर दाबलं.

शेवटचं नाव मी लिहिलं नव्हतं.

'हे सगळे' म्हणजे यंत्राला बाराही फोटोंची नावं, म्हणून ओळीत शेवटी आलेलं नाव होतं बारा. यंत्राने पहिल्या अकरा फोटोंचा कागद केला आणि तो बारा या फोटोवर लिहून टाकला. विचारलं नाही. मी बारा उघडून पाहिलं, तर आत अकरा चेहरे होते आणि उजवीकडे खाली एक कोरी जागा. निळ्या शर्टातला फोटो दुसरीकडे कुठे नव्हता. ते कोणत्याही फोटोची दुसरी प्रत ठेवत नसत, आणि कागद छापून झाला की संगणकावरचं त्याचं चित्रही पुसून टाकत.

मी तोच कागद छापला, अकरा नावं लिहिली आणि काकूंना दिला. त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळे चेहरे पाहिले. बाराव्या जागी बोट थांबलं.

"हितलं कोन नेलं?"

"कोनी न्हाई ताई, मोकळीच हाय ती," धाकटी म्हणाली.

"मोकळी न्हाई. हितं एक होते."

पूर्वी वर्षभर ती जागा कोरी होती तेव्हा त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मी मास्तरांचं जुनं ओळखपत्र शोधलं. त्यातला तरुणपणचा, मिशीचा फोटो घेतला, बाराव्या जागी लावला आणि पुन्हा छापला. काकूंनी तो जवळ नेऊन पाहिला. "हे न्हाईत," त्या म्हणाल्या. "हे कोनाचं पोरगं हाय?" आणि कागद परत केला.

मी धाकटीला सांगितलं, फोटो माझ्या हातून गेला. ती उठली. स्वयंपाकघरात गेली. डब्यांचे आवाज आले. मग तिने हाक मारली, "बाई, हिकडं या."

जुने कागद ती मांडणीवर अंथरत असे, डब्यांखाली. बहुतेक तेलाने गेले होते. हळदीच्या डब्याखाली एक बरा होता. आमच्याकडे हळद डब्यात नीट भरली तरी बुडाला लागतेच. डब्याची पिवळी कडा मास्तरांच्या उजव्या कानापासून खांद्यापर्यंत गोल उमटली होती. चेहरा शाबूत होता.

तो कागद मी स्कॅनरच्या काचेवर ठेवला. पट्टीने मोजून बारावा चौकोन कापून घेतला आणि त्याला बारा नाव दिलं. या वेळी ओळीतलं शेवटचं नाव आधी वहीत लिहून घेतलं. एंटरच्या आधी ओळ दोनदा वाचली.

काकूंनी नवा कागद घेतला. बोट बाराव्या जागी गेलं. पिवळी कडा त्यांनी नखाने खरवडून पाहिली, ती निघाली नाही.

"हेच," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघून, "कुठंयत?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. ती काहीतरी सांगणार होती, गावाला गेलेत असं काहीतरी. मी म्हटलं, "नाहीत काकू. वारले."

त्यांनी मान हलवली आणि घास मागितला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

संस्था बंद झाली. एक संगणक ठेवून बाकीचे गेले, माऊसची पिशवी खणात आहे. धाकटी इथेच राहते. मी वरच्या खोलीत राहते. सकाळी सातला कागद निघतो. त्यावर बारा चौकोन असतात. अकरांखाली मी नावं लिहिते. बाराव्याखाली काही लिहिलेलं नसतं.